ट्रिम५ आणि एमएचसी-डीआरबी: माकडांच्या प्रतिकार-जनुकांवर निवडीच्या चाचण्या चालवताना अडचणी

प्रश्न: कोडॉनमोज्या

प्रायमेट गटातल्या दोन प्रतिकार-जनुकांची तुलना चालू आहे. एक ट्रिम५ (पेशीत शिरलेल्या रेट्रोव्हायरसचं कॅप्सिड, म्हणजे कवच, ओळखून अडवणाऱ्या प्रथिनाचं जनुक), दुसरं एमएचसी क्लास टूमधलं डीआरबी (परजीवींचे प्रथिन-तुकडे, म्हणजे पेप्टाइड, प्रतिकार-पेशींना दाखवणाऱ्या प्रथिनाचं जनुक). सार्वजनिक डेटाबेसमधून माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन, पाच मकाक, बबून, आफ्रिकन ग्रीन माकड, आउल मंकी, मार्मोसेट आणि दोन लेमूर असे क्रम घेतले. बॉनेट मकाकचे (आपलं लालतोंडं माकड) काही क्रम विष्ठेच्या नमुन्यांतून पीसीआर करून मिळवायचे आहेत. ट्रिम५वर पॅमल पॅकेजमधलं कोडएमएल (कोडॉनांवरची निवड मोजणारा प्रोग्रॅम) चालवलं. अडचणी अशा:

१. ऱ्हीसस आणि बॉनेटची जोडी घेतली की ओमेगा (डीएन/डीएस, म्हणजे अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या फरकांच्या दरांचं गुणोत्तर; एकच्या वर गेलं की बदल घडवणाऱ्या निवडीची खूण) थेट ९९९ येतो.

२. एम८ मॉडेलच्या (काही जागांचा ओमेगा एकच्या वर जाऊ देणारं मॉडेल) बीईबीत (कोडॉननिहाय निवडीची संभाव्यता) स्प्राय डोमेनमधल्या (प्रथिनाच्या सी-टोकाचा, विषाणू ओळखणारा भाग) अपेक्षित जागा दिसतात, पण दुसऱ्या टोकाच्या रिंग डोमेनमध्येही अकरा सलग कोडॉन ०.९५च्या वर येतात.

३. मकाकची एक नोंद सी-टोकाकडे इतरांशी जुळतच नाही. तिथे ती आउल मंकीच्या एका नोंदीजवळ जाते.

४. डीआरबीच्या झाडात (वंशवृक्षात) प्रजाती एकत्र येत नाहीत. ऱ्हीससचे काही अलील (जनुकाची रूपं) इतर मकाकांपेक्षा माणसाच्या अलीलांजवळ बसतात. यावरही एम८ चालवावं का?

५. बॉनेट आणि ऱ्हीससमध्ये डीआरबीचा दुसरा एक्सॉन (जनुकाचा प्रथिनात उतरणारा तुकडा) अक्षर न् अक्षर सारखा निघाला, तर त्याला समतोल राखणाऱ्या (अनेक अलील टिकवून धरणाऱ्या) निवडीचा पुरावा म्हणता येईल का?

---

उत्तर १: गुणसूत्र_अकरा

पहिले तीन प्रश्न ट्रिम५चे आहेत. त्यांवर लिहितो, डीआरबी हा वेगळाच प्राणी आहे, त्यावर दुसरं कोणीतरी लिहीलच.

९९९ हा कोडएमएलचा ओमेगासाठीचा वरचा कठडा आहे. दोन क्रमांत डीएस शून्य निघाला की भागाकाराला अर्थ उरत नाही आणि प्रोग्रॅम त्या कठड्याला जाऊन टेकतो. ऱ्हीसस आणि बॉनेट इतके जवळचे आहेत की साधारण दीड हजार बेसच्या जनुकात मोजके फरक असणार. त्यातले सगळे योगायोगाने अमिनो आम्ल बदलणारे निघाले तर झालं ९९९. एवढ्या जवळच्या जोडीचा डीएन/डीएस छापण्यातच अर्थ नाही. ओमेगा संपूर्ण झाडावर, जागानिहाय मॉडेलने काढा. मकाकही पाच ठेवू नका, दोन पुरेत. त्या जागी कोलोबस, लंगूर, मँगॅबे, सायमिरी, स्पायडर मंकी असे लांबचे फांदे घ्या. उरलेले मकाक झाडाची लांबी जवळजवळ वाढवत नाहीत, फक्त गणित हळू करतात. उलट लेमूर फार लांब पडतात. तिथे डीएस भरून जाण्याचा आणि मांडणी (क्रम एकाखाली एक जुळवणं) बिघडण्याचा धोका आहे. एकदा लेमूरसकट, एकदा लेमूर वगळून चालवा आणि दोन्हींत टिकणाऱ्या जागाच धरा.

रिंगमधले अकरा सलग कोडॉन म्हणजे जवळजवळ नक्की वाचनचौकट घसरली आहे. खऱ्या निवडीखालच्या जागा शेजारी-शेजारी असू शकतात, पण अकराच्या अकरा ओळीने आणि तेही रिंगसारख्या जपल्या गेलेल्या भागात असणं संशयास्पदच. कमी खोलीच्या जीनोम जुळणीत एक बेस सुटतो, पुढे कुठेतरी एक बेस जास्त पडतो आणि मधले दहा-वीस कोडॉन कचरा होतात. ज्या नोंदींचा क्रमांक एक्सएमने सुरू होतो त्या संगणकाने भाकीत केलेल्या असतात. 'लो क्वालिटी प्रोटीन' असा शेरा असेल तर ती नोंद उचलूच नका. तपासणी सोपी आहे: प्रथिनांची मांडणी उघडून तो पट्टा डोळ्याने बघा. सगळे बदल एकाच प्रजातीत असतील तर त्या प्रजातीचे मूळ शॉर्ट रीड त्या एक्सॉनवर बसवून पाहा. मला लेमूरपैकी एकाचा संशय आहे.

तिसऱ्या प्रश्नात तुम्हाला ट्रिमसिप सापडलं आहे. आउल मंकीत लाइन-१च्या (जीनोममध्ये स्वतःच्या प्रती घुसवणाऱ्या तुकड्याच्या) यंत्रणेने सायक्लोफिलिन-एच्या आरएनएची डीएनए प्रत ट्रिम५च्या सातव्या आणि आठव्या एक्सॉनच्या मधल्या इंट्रॉनमध्ये घुसवली. त्यामुळे स्प्रायच्या जागी सायक्लोफिलिन लागलेलं प्रथिन तयार होतं. हे २००४ साली कळलं. २००७-०८मध्ये मकाकांतही तसंच प्रथिन मिळालं, पण ती घटना पूर्ण स्वतंत्र आहे. तिथे प्रत थ्री-प्राइम यूटीआरमध्ये (जनुकाच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) बसली आहे आणि सहाव्या इंट्रॉनच्या अगदी शेवटच्या जागेवर जीऐवजी टी आल्यामुळे सातवा-आठवा एक्सॉन वगळला जातो. एकाच जनुकाशी एकच जनुक दोनदा, दोन खंडांत जोडलं गेलं! योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. ज्या विषाणूंचं कॅप्सिड सायक्लोफिलिनला चिकटतं, त्यांचा दाब दोन्हीकडे होता असंच म्हणावं लागतं.

तुमच्या झाडासाठी याचा अर्थ एवढाच: ट्रिमसिपचं सी-टोक आणि स्प्राय एका मुळाचे नाहीत, त्यामुळे ते एका रकान्यात मांडायचेच नाहीत. त्या नोंदी काढून त्याच प्रजातीचा स्प्राय असलेला अलील घ्या. आउल मंकीचा आठवा एक्सॉन जीनोममध्ये आहे, तो हाताने काढून जोडावा लागेल.

आता खरी डोकेदुखी. ट्रिम५-अल्फात (स्प्राय असलेल्या ट्रिम५ प्रथिनात) निवडीच्या जागा स्प्रायमधल्या व्ही१ (पहिल्या बदलत्या) पट्ट्यात दाटल्या आहेत. २००५ साली दाखवलेला १३ अमिनो आम्लांचा तुकडा याच पट्ट्यातला. माणसात ३३२व्या जागचं आर्जिनीन काढून प्रोलीन घातलं की माणसाचं प्रथिनही एचआयव्ही-१ अडवू लागतं, इतका तो भाग निर्णायक आहे. आणि नेमका तिथेच लांबीचा गोंधळ आहे. माणसाचं प्रथिन ४९३ अमिनो आम्लांचं, ऱ्हीससचं ४९७ किंवा ४९५, आफ्रिकन ग्रीन माकडाचं ५१५, कारण त्याच्यात वीस अमिनो आम्लांची जादा भर आहे. म्हणजे जिथे मांडणी सर्वात डळमळीत, तिथेच तुमचं उत्तर. चुकीची मांडणी हुबेहूब निवडीसारखी दिसते.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रत्येक क्रम तिनाने भागला जातो का, मध्ये स्टॉप कोडॉन आहे का, ते पाहा. शेवटचा स्टॉप काढा. उलट ब्लास्ट (डेटाबेसमध्ये जुळणारा क्रम शोधणं) करून ट्रिम६, ट्रिम३४ किंवा ट्रिम२२ चुकून आलेलं नाही याची खात्री करा, कारण ही चौघं माणसाच्या ११व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत आणि एकमेकांच्या जागी सहज येतात. मांडणी प्रँक या प्रोग्रॅमच्या कोडॉन पर्यायाने एकदा आणि मॅक्स या दुसऱ्या प्रोग्रॅमने एकदा करा. दोन्ही शेजारी ठेवून ज्या रकान्यांत एकमत नाही ते झाका. निम्म्याहून जास्त प्रजातींत गॅप असलेले रकानेही काढा. क्लीनडेटा = १ (गॅप असलेला प्रत्येक रकाना उडवणारी सेटिंग) ठेवून हे काम प्रोग्रॅमवर सोडू नका. एखाद्या अर्धवट नोंदीमुळे अख्खा व्ही१ उडून जातो आणि मग 'निवड दिसत नाही' असं उत्तर येतं.

झाड प्रजातींचं, सर्वमान्य तेच द्या. ट्रिम५वरून बांधलेलं नको. मॉडेल = ०, एनएससाइट्स = ७ आणि ८, कोडॉनफ्रीक = २. एम७ विरुद्ध एम८ मध्ये लॉग-लाइकलिहूडच्या फरकाची दुप्पट ५.९९च्या वर हवी, डिग्री ऑफ फ्रीडम दोन. पण एवढ्यावर थांबू नका. एम८ए चालवा: एनएससाइट्स = ८, फिक्स-ओमेगा = १, ओमेगा = १. एम७ मध्ये ओमेगा एकच्या खालीच अडकलेला असतो. त्यामुळे ज्या जनुकात बऱ्याच जागा फक्त ढिल्या सुटलेल्या आहेत, तिथेही एम८ जिंकतं. एम८ए ती पळवाट बंद करतं. तिथे मर्यादा ५ टक्क्यांसाठी २.७१, कडक राहायचं असेल तर ३.८४ धरा. प्रत्येक मॉडेल सुरुवातीच्या ओमेगाच्या तीन किमतींनी चालवा, ०.४, १ आणि २ समजा. उत्तर दर वेळी वेगळं आलं तर प्रोग्रॅम स्थानिक टेकडीवर अडकला आहे, सर्वांत जास्त लाइकलिहूड असलेलं घ्या.

शेवटी हायफाय पॅकेजमधल्या मीम आणि फुबार या चाचण्या. फुबार सगळ्या झाडभर चालू राहिलेली निवड पकडतं, मीम एखाद्या फांदीपुरती आलेली. प्रतिकार-जनुकांत दुसरी जात बरीच असते, त्यामुळे मीममध्ये दिसलेली जागा बीईबीत नसली तर घाबरू नका.

---

उत्तर २: हॅप्लोटाइपकार

चौथ्या प्रश्नाचं थेट उत्तर: नाही, डीआरबीवर एम८ चालवू नका. चालेल, आकडेही झकास येतील, पण त्यांचा भरवसा नाही.

कोडएमएल एक झाड धरून चालतं. डीआरबीत एक झाड नसतंच. एका बाजूला पुनर्संयोजन आणि जनुकांमधली तुकड्यांची देवाणघेवाण, दुसऱ्या बाजूला प्रतींची संख्याच बदलती. माणसात डीआरबी१ सगळ्यांकडे असतं, पण डीआरबी३, ४, ५ यांपैकी कोणतं सोबत येईल ते हॅप्लोटाइपवर (एका गुणसूत्रावर एकत्र येणाऱ्या अलीलांच्या संचावर) ठरतं. काहींत तिन्ही नसतात. ऱ्हीससमध्ये प्रतींच्या अशा रचना तिसांहून जास्त आहेत. मग 'ऱ्हीससचं डीआरबी१' आणि 'माणसाचं डीआरबी१' ही जोडी नावापुरती जोडी. वंश नक्की न ठरलेल्या अलीलांच्या नावात डब्ल्यू हे अक्षर घालतात, ते बघून सावध व्हायचं. (नावांचं वळण: जातीच्या लॅटिन नावाची दोन-दोन अक्षरं. ऱ्हीसस मामु, सायनोमोल्गस (लांबशेपटी मकाक) माफा, चिंपांझी पात्र. आयपीडी-एमएचसी डेटाबेसमध्ये याच नावांनी शोधायचं.)

एमएचसीच्याच क्लास वन गटात तर आणखी मजा आहे. माणसात ए, बी, सी तीन ठरलेले. मकाकांत सी नाहीच, पण ए आणि बी यांच्या प्रतींचा मोठा पसारा. ओरांगउटानात सी काही हॅप्लोटाइपवर आहे, काहींवर नाही. सी जनुक बीसारख्या पूर्वजापासून वानरांच्या शाखेत उपजलं आणि त्याच्यामागोमाग त्याला ओळखणारे, नैसर्गिक मारक पेशींवरचे केआयआर रिसेप्टरही बदलत गेले. माणसात सीच्या ८०व्या जागी अॅस्परॅजिन असेल तर सी१, लायसिन असेल तर सी२, आणि केआयआर हे दोन वेगळे ओळखतात. ओरांगउटानात फक्त सी१ सापडतं, म्हणजे सी२ नंतर आलं. प्रायमेटांत प्रतिकार-जनुकांची उत्क्रांती एकेकट्या जनुकाने न चालता जोडीने कशी चालते, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

तर डीआरबीवर काय करायचं? जुनी, साधी पद्धत. दुसरा एक्सॉन २७० बेसचा असतो, त्यातले पेप्टाइडला भिडणारे सुमारे २४ कोडॉन स्फटिकरचनेवरून ठरलेले आहेत. कोडॉन दोन ढिगांत वाटा: भिडणारे आणि न भिडणारे. नेई-गोजोबोरी पद्धतीने दोन्ही ढिगांचा डीएन आणि डीएस काढा, ज्यूक्स-कँटरची (एकाच जागी पुन्हा झालेले बदल धरणारी) दुरुस्ती लावा, बूटस्ट्रॅपने चूक-मर्यादा काढा. पहिल्या ढिगात डीएन मोठा आणि दुसऱ्यात डीएस मोठा आला पाहिजे. १९८८ साली एचएलएवर हे असंच दाखवलं गेलं आणि अजूनही पुनर्संयोजनाला सर्वांत कमी बळी पडणारी पद्धत हीच. हायफायच वापरायचं असेल तर आधी गार्ड (पुनर्संयोजनाच्या जागा शोधणारी चाचणी) चालवून तुकडे पाडा, मग प्रत्येक तुकड्याला त्याचं झाड देऊन फुबार. २७० बेसमध्ये तुकडे पाडून हाती फार उरत नाही, हेही खरं.

ऱ्हीससचा अलील माणसाच्या अलीलाजवळ बसण्याची कारणं दोन. एक, वंश खरंच जुना आहे, दोन्ही प्रजाती फुटण्याआधीचा. दुसरं, दोन्हीकडे सारखाच परजीवी-दाब पडून पेप्टाइडच्या खोबणीत सारखीच अमिनो आम्लं स्वतंत्रपणे आली. फरक ओळखायला झाड पुन्हा बांधा, पण फक्त सिनॉनिमस (अमिनो आम्ल न बदलणाऱ्या) जागांवर आणि पेप्टाइडला न भिडणाऱ्या कोडॉनवर. तिथेही जवळीक राहिली तर वंश जुना. शक्य असेल तर एक्सॉनला लागून दुसऱ्या इंट्रॉनमधला मायक्रोसॅटेलाइटही (छोट्या तुकड्याची सलग पुनरावृत्ती) वाचा. त्याची रचना आणि लांबी वंशागणिक वेगळी असते, आणि मकाकांचं डीआरबी टायपिंग त्यावरच केलं जातं. नुसत्या एक्सॉनच्या झाडावरून 'प्रजातींच्या पलीकडचं वैविध्य' असा मथळा देऊ नका.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तिथे बहुतेक जण माणूस-चिंपांझीचं गणित डोळे मिटून मकाकांना लावतात.

ते गणित असं. निवड नसेल तर दोन अलील एका पूर्वजाला भेटायला ढोबळमानाने परिणामी समूह-आकाराच्या (वंश प्रत्यक्ष पुढे नेणाऱ्यांच्या संख्येच्या) चौपट पिढ्या लागतात. माणसाचा परिणामी समूह-आकार १०,००० आणि पिढी २५ वर्षांची धरली तर ४ × १०,००० × २५ म्हणजे दहा लाख वर्षं. माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन साठ-सत्तर लाख वर्षं झाली. म्हणून दोघांत टिकलेलं सामायिक वैविध्य नशिबाने टिकणं जवळजवळ अशक्य. तिथे निवडीचा हात मानावाच लागतो. एमएचसीबाहेर असे १२५ पट्टे २०१३ साली जाहीर झाले, ते महत्त्वाचे ठरले ते याच गणितामुळे.

मकाकांत तेच वाक्य चालत नाही. त्यांचा समूह-आकार माणसापेक्षा कितीतरी मोठा. उदाहरणादाखल ६०,००० घ्या, पिढी १० वर्षांची घ्या: ४ × ६०,००० × १० म्हणजे २४ लाख वर्षं. मकाकांच्या शाखा फुटण्याला झालेला काळही लाखांतच मोजायचा आहे, कोटींत नाही. म्हणजे निवड अजिबात नसलेलं जनुकही बॉनेट आणि ऱ्हीससमध्ये सामायिक अलील बाळगू शकतं. त्यात भर म्हणजे दोघांच्या हद्दी भिडतात. पश्चिमेला तापी, पूर्वेला गोदावरी ही जुनी सीमा. आता ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतो आहे आणि सीमेवर मिश्र टोळ्याही दिसतात. संकर झाला की अलील थेट पलीकडे जातो. ऱ्हीसस आणि सायनोमोल्गसमध्ये डीआरबीचे तंतोतंत सारखे अलील मिळालेले आहेतच.

तुलनेसाठी त्याच प्राण्यांचे कोणत्याही प्रतिकार-कामाशी संबंध नसलेले दहा-वीस इंट्रॉन वाचा. तिथे सामायिक हॅप्लोटाइप नगण्य आणि डीआरबीत भरपूर, असं दिसलं तर बोलता येईल. आणि नमुने सीमेपासून लांबचे हवेत: बॉनेट केरळ-तामिळनाडूतले, ऱ्हीसस उत्तरेकडचे. मराठवाड्यातल्या सीमेवरचे नमुने या प्रश्नासाठी घेऊ नका. संकर मोजायचा असेल तर मात्र तेच घ्या.

---

उत्तर ३: ओलीप्रयोगशाळा

विष्ठेच्या नमुन्यांबद्दल, कारण निम्मी वाताहत तिथे होते.

पहिला शत्रू माणूस. डीआरबीच्या दुसऱ्या एक्सॉनचे प्रायमर जपल्या गेलेल्या जागी बसतात आणि माणसाच्या डीएनएवर तितक्याच आनंदाने चालतात. विष्ठेत माकडाचा डीएनए थोडा आणि तुटका, तुमच्या बोटावरचा ताजा आणि सलग. परिणाम: बॉनेटमध्ये 'माणसासारखा' अलील. मिळालेला प्रत्येक अलील एचएलएच्या डेटाबेसवर टाका; शंभर टक्के जुळला तर तो माकडाचा नाही असंच धरून चला. ऱ्हीसस आणि माणसात डीआरबीचे वंश सामायिक आहेत, तंतोतंत सारखे अलील नाहीत. नमुने घेणाऱ्या आणि पीसीआर लावणाऱ्या प्रत्येकाचं डीआरबी टायपिंगही सोबत ठेवा. प्रत्येक बॅचमध्ये नमुना नसलेली एक्स्ट्रॅक्शन नळी हवी. फक्त पाण्याची पीसीआर नळी पुरत नाही.

दुसरा शत्रू अलील गळणे. विष्ठेच्या डीएनएत दोनपैकी एकच अलील वाढतो आणि प्राणी समयुग्मी (दोन्ही अलील सारखे असलेला) वाटतो. ट्रिम५साठी विषमयुग्मी (दोन वेगळे अलील असल्याचा) निकाल दोन-तीन स्वतंत्र पीसीआरमध्ये दिसला की मान्य करा. समयुग्मी म्हणायचं असेल तर पाच-सात. अॅम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवायचा तुकडा) ३०० बेसच्या आत ठेवा. अख्खा आठवा एक्सॉन एका दमात वाढवायचा हट्ट विष्ठेवर चालत नाही, व्ही१चा तुकडा वेगळा घ्या. डीआरबीत प्रती किती हेच माहीत नसल्यामुळे समयुग्मी हा शब्दच वापरता येत नाही. तिथे फक्त 'सापडलेले अलील' असं लिहा.

तिसरा, पीसीआरमध्ये तयार होणारे संकरित तुकडे. अर्धवट वाढलेला एक अलील पुढच्या फेरीत दुसऱ्यावर बसतो आणि नवा 'अलील' जन्माला येतो. डीआरबीत हे फार होतं, कारण सारख्या प्रती भरपूर. फेऱ्या २५ ते २८ ठेवा, ३५ नकोत. चूक दुरुस्त करणारा पॉलिमरेज वापरा, एक्सटेन्शनला वेळ द्या. अलील मान्य करण्याची अट: एकाच प्राण्याच्या दोन स्वतंत्र पीसीआरमध्ये, किंवा दोन वेगळ्या प्राण्यांत. शिवाय ज्याचा पहिला अर्धा एका अलीलाशी आणि दुसरा अर्धा दुसऱ्याशी पूर्ण जुळतो आणि रीड दोघांहून कमी आहेत, तो काढून टाका. अडचण अशी की खऱ्या जनुक-देवाणघेवाणीतून आलेला अलीलही असाच दिसतो. म्हणून असे अलील रक्त किंवा ऊतकाच्या निदान एका-दोन नमुन्यांत पडताळा, तो मार्ग आधीच आखून ठेवा. विष्ठा असो वा ऊतक, वन विभागाची परवानगी हातात आल्याशिवाय सुरुवात नको. कागदाला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा.

ट्रिमसिपचं जीनोटायपिंग दोन प्रकारे करा. थ्री-प्राइम यूटीआरमधल्या जागेच्या बाहेरून प्रायमर लावले तर भर असलेला अलील काही शे बेसनी लांब येतो. पण विषमयुग्मीत आखूड पट्टी लांब पट्टीला गिळते आणि ट्रिमसिप दिसतच नाही. म्हणून दुसरी पीसीआर एक प्रायमर सायक्लोफिलिनच्या आत ठेवून करा. सहाव्या इंट्रॉनच्या टोकाचा जी/टी वेगळा वाचा. ऱ्हीससमध्ये आहे म्हणून बॉनेटमध्ये असेलच असं गृहीत धरू नका. पिग-टेल्ड मकाकांत ट्रिमसिप सर्रास आढळतं, भारतीय ऱ्हीससमध्ये काही प्राण्यांत आहे आणि काहींत नाही, चिनी ऱ्हीससमध्ये ते क्वचितच. प्रजात पाहून ठरवता येत नाही.

ऱ्हीससच्या स्प्राय असलेल्या अलीलांतही दोन तट आहेत. ३३९ ते ३४१ या जागी एकात थ्रिओनीन-फिनाइलअॅलॅनिन-प्रोलीन, दुसऱ्यात त्या तिघांऐवजी एकच ग्लुटामिन. लोक पहिल्याला टीएफपी, दुसऱ्याला क्यू म्हणतात. सहा बेसचा फरक. विषमयुग्मी प्राण्याचा सँगर पद्धतीने वाचलेल्या क्रमाचा आलेख तिथपासून पुढे दुहेरी होतो, आणि नवखा माणूस 'रिअॅक्शन बिघडली' म्हणून फेकून देतो. उलट बाजूच्या प्रायमरने वाचा, दोन्ही आलेख त्याच जागेवर दुहेरी होत असतील तर प्राणी विषमयुग्मी आहे.

---

उत्तर ४: कॅप्सिड

वर एक गोष्ट सुटली आहे. प्रत्येक प्रजातीचा एकच क्रम घेऊन केलेलं डीएन/डीएस फक्त प्रजातींमधली झटापट पाहतं. ट्रिम५मध्ये प्रजातींच्या आतही वैविध्य सांभाळलेलं आहे, आणि ओलीप्रयोगशाळा म्हणतात ते टीएफपी, क्यू आणि ट्रिमसिप हे तीन गट त्याचंच उदाहरण. डेटाबेसमधला ऱ्हीसस म्हणजे एका प्राण्याचा एक अलील. तो टीएफपी की क्यू, यावर तुमच्या मांडणीत दोन अमिनो आम्लांचा फरक पडतो, तोही व्ही१मध्येच. दोन्ही अलीलांनी वेगवेगळं चालवा.

याचा व्यवहारात केवढा फरक पडतो ते एसआयव्हीच्या (माकडांतल्या, एचआयव्हीच्या भावकीतल्या विषाणूच्या) लसचाचण्यांत दिसतं. एसआयव्ही-मॅक२३९ ऱ्हीससमध्ये मुरलेला विषाणू आहे, टीएफपीला तो दाद देत नाही. सूटी मँगॅबे या आफ्रिकन माकडाकडून आलेल्या एसआयव्ही-एसएम घराण्यातले काही विषाणू, जसा ई५४३, टीएफपीसमोर अडतात. त्याच घराण्यातला ई६६० वापरलेल्या प्रयोगांत प्राण्याचा ट्रिम५ जीनोटाइप निकाल हलवतो. लस दिलेल्या गटात योगायोगाने रोधक अलील जास्त आले तर लस चांगली वाटते. म्हणून गट पाडताना ट्रिम५ आणि मामु-ए*०१, बी*०८, बी*१७ हे तीन एमएचसी अलील दोन्हीकडे सारखे वाटतात. बी*०८ आणि बी*१७ असलेले प्राणी विषाणू स्वतःच दाबून धरण्याची शक्यता जास्त. बी*०८ ज्या प्रकारचे पेप्टाइड धरतो ते माणसातल्या बी*२७शी मिळतेजुळते आहेत, आणि बी*२७ही एचआयव्ही आटोक्यात ठेवण्याशी जोडलेला आहे. दोघांचा वंश मात्र एक नाही, फक्त काम सारखं.

'भारतीय' ऱ्हीसस हा शब्द या साहित्यात सतत येतो तो का, तेही सांगतो. भारताने १९७८ साली ऱ्हीससची निर्यात बंद केली. अमेरिकेतल्या केंद्रांतले भारतीय वंशाचे प्राणी हे त्याआधी गेलेल्यांची संतती. पुढे चिनी वंशाचे आले, आणि त्यांचं एमएचसी व ट्रिम५चं चित्र वेगळं निघालं, रोगाची गतीही वेगळी. आपल्याकडच्या रानातल्या ऱ्हीससची अलील-वारंवारता म्हणून त्या केंद्रांतले आकडे उचलू नका. मूठभर संस्थापकांतून वाढलेली वस्ती आहे ती. असंच टोकाचं उदाहरण मॉरिशसच्या सायनोमोल्गसचं. तिथे थोडेच प्राणी पोचले, त्यामुळे एमएचसीचे सात मुख्य हॅप्लोटाइप, एम१ ते एम७, एवढ्यात जवळजवळ सगळी वस्ती बसते. प्रयोगाला सोयीचं, उत्क्रांतीच्या प्रश्नाला निरुपयोगी.

संगणकावर मिळालेल्या जागांची प्रयोगात खात्री करायची असेल तर सीआरएफके या मांजराच्या पेशी वापरा. मांजराचं ट्रिम५ स्प्रायशिवायचं, तुटकं असल्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ मिळते. एचए-टॅग (प्रथिन ओळखायची खूण) लावलेलं ट्रिम५ रेट्रोव्हायरल व्हेक्टरने कायमचं बसवा, मग व्हीएसव्ही-जी आवरण घातलेला, एकदाच संसर्ग करू शकणारा, जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) देणारा एचआयव्ही-१ व्हेक्टर चढत्या मात्रांत घाला आणि ४८ तासांनी फ्लो सायटोमीटरवर मोजा. जीएफपी-पेशी १ ते ३० टक्क्यांत असतील तेवढाच भाग वाचा. त्यावर एका पेशीत अनेक विषाणू शिरतात, कॅप्सिडच्या गर्दीत ट्रिम५ संपून जातं आणि रोधच दिसत नाही. दोन प्रजातींचं ट्रिम५ ताडून पाहताना एचएचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती बनलं ते दाखवणारी चाचणी) सोबत हवाच. कमी प्रमाणात बनणारं प्रथिन 'कमजोर' वाटतं, असे निष्कर्ष छापून आलेले आहेत. ट्रिमसिपचा संशय असेल तर सायक्लोस्पोरिन (सायक्लोफिलिनला बांधून ठेवणारं औषध) घाला, रोध सुटला तर सायक्लोफिलिनचंच काम. आउल मंकीचं ट्रिमसिप एचआयव्ही-१ अडवतं. ऱ्हीससचं एचआयव्ही-२ अडवतं, एचआयव्ही-१ नाही. नाव एक म्हणून काम एक समजू नका.

आणि कृपा करून शोधनिबंधात 'एचआयव्हीमुळे ट्रिम५ बदललं' असं लिहू नका. एचआयव्ही-१ माणसात येऊन जेमतेम शतक झालं, ट्रिम५वरची निवड कोट्यवधी वर्षांची. तो दाब कोणत्या जुन्या विषाणूंचा, यावर भांडणं चालू आहेत. चिंपांझी-गोरिलाच्या जीनोममध्ये अडकलेला पीटीईआरव्ही१ हा जुना रेट्रोव्हायरस माणसाच्या ट्रिम५ने अडवला म्हणून आपण एचआयव्हीला उघडे पडलो, अशी मांडणी २००७ साली आली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या हाती तो रोध लागला नाही. गोष्ट म्हणून ती फार आवडीने सांगितली जाते, पुरावा म्हणून तेवढी पक्की नाही.

---

कोडॉनमोज्या

रिंगचा पट्टा उघडून पाहिला. अकराही बदल एका लेमूरच्या एक्सएम नोंदीत आहेत, दोन्ही टोकांना एकेक बेसची गडबड आहे. ती नोंद काढली. ट्रिमसिपच्या नोंदीही वेगळ्या केल्या. एक शंका उरते: बॉनेटच्या ट्रिम५मध्ये प्रजातीच्या आतलं वैविध्य तपासायचं असेल तर किती प्राणी पुरेत, आणि चाचणी कोणती?

---

गुणसूत्र_अकरा

५ टक्के वारंवारतेचा अलील ९५ टक्के खात्रीने एकदा तरी दिसायला साधारण ६० गुणसूत्रं, म्हणजे ३० प्राणी लागतात. ते नात्यातले नकोत. मकाकांत माद्या जन्मटोळीतच राहतात, त्यामुळे एका टोळीतून एक, फार तर दोन नमुने. विष्ठा असेल तर आधी मायक्रोसॅटेलाइटने प्राणी वेगळे आहेत याची खात्री करा, एकच माकड तीनदा मोजलं जातं.

चाचणीसाठी टाजिमाचा डी (वैविध्य तटस्थ अपेक्षेशी जुळतं का ते सांगणारा आकडा) एकटा नको, वस्ती आकसली किंवा टोळ्यांत विभागली तरी तो वर जातो. आठवा एक्सॉन आणि शेजारचे इंट्रॉन धरून एचकेए (प्रजातीतलं वैविध्य आणि प्रजातींमधला फरक ताडणारी चाचणी) करा, तुलनेला हॅप्लोटाइपकारांनी सांगितलेले तेच तटस्थ इंट्रॉन घ्या, बाहेरचा गट बबून. वैविध्याचं शिखर व्ही१भोवती येऊन दोन्ही बाजूंना उतरतं का ते सरकत्या खिडकीत पाहा. इंट्रॉनसाठी मात्र विष्ठा सोडा, ऊतक किंवा रक्तच लागेल.

---

ओलीप्रयोगशाळा

ते तीस प्राणी निवडताना मंदिराच्या आवारातल्या टोळ्या शक्यतो वगळा. पकडून दुसरीकडे सोडलेली माकडं तिथे मिसळलेली असतात आणि नमुन्यावरचं गावाचं नाव फसवं ठरतं. घ्यावेच लागले तर मायटोकाँड्रियाचा नियंत्रक पट्टा वाचून मूळ ठिकाण जुळतं का ते बघा.